शनिवारची झाडलोट

सोमवार, २५ सप्टेंबर

हिशेबाच्या वहीची मागची पानं दर वर्षी कोरी राहतात आणि वर्ष सरलं की रद्दीत जातात. यंदा ठरवलं, त्यांवर आपलं आपल्यापुरतं लिहायचं. पुढून किराणा, मागून मन. मधे कुठे गाठ पडेल तिथे पडेल.

ऑक्टोबर संपला की लेकीचा उमेदवारीचा काळ संपतो. मग तिला कायम करतात की नारळ देतात ते ठरेल. ती निवांत आहे, जीव माझाच टांगलेला. तिचं काम मला अजून धड सांगता येत नाही. कोर्टात भांडणाऱ्या लोकांचे फोन आणि संगणक तिच्या प्रयोगशाळेत येतात. तिथे त्यांची हुबेहूब नक्कल काढतात, आणि त्या नकलेतून कोणी कोणाला काय लिहिलं, कधी लिहिलं, काय पुसलं, ते शोधून वकिलांना देतात. मी म्हटलं, "म्हणजे दुसऱ्यांची पत्रं वाचायची?" तर म्हणते, "आई, डॉक्टर पोट तपासतो तेव्हा कोणाचं पोट देखणं आहे ते बघतो का?" जीभ बापावर गेली आहे.

नोकरी लागेना तेव्हा मी देवाला बोलले होते. लागू दे, वर्षभर दर मंगळवारी दिवस मावळेपर्यंत मौन धरीन आणि त्या मेल्या फोनलाही शिवणार नाही. लागली. आता फेडते आहे. ह्यांना तर पर्वणीच. येईल त्याला सांगतात, "देवानं लेकीला नोकरी दिली आणि मला आठवड्याची सुट्टी."

शनिवार, ३० सप्टेंबर

शनिवार म्हणजे झाडलोट. आधी घर, मग देवघर, मग ह्यांचा फोन. फोन म्हातारा झालाय, जरा काही आलं की 'जागा नाही, जागा नाही' म्हणून बोंब मारतो. दुकानवाला म्हणतो नवा घ्या. का म्हणून? घर भरलं म्हणून कोणी घर बदलतं का? आवरतं. लोक रोज पाठवतात ती फुलं, उगवते सूर्य, नाचणारी बाळं, सगळं मी झाडून काढते. लिहिलेल्याला मात्र हात लावत नाही. अक्षराला पाय लागला तर नमस्कार करायचा हे लहानपणापासून अंगात भिनलेलं, ते पुसायला बोट कसं धजेल?

दुपारी पान्हा आला होता. हे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मिस्त्र्यांवर देखरेख करतात, त्यांतला हा सगळ्यांत जुना. खरं नाव मलाच आठवत नाही, सगळे पान्हाच म्हणतात. साहेबांशी दोन शब्द बोलायचे होते म्हणाला. हे अंघोळीला गेलेले. तोवर चहा झाला आणि बसल्या बसल्या त्यानं माझ्या कुकरचा ढिला कान आवळून दिला. "वहिनी, हा कान नाही आवळला तर एक दिवस तो तुमचा कान धरेल." हे बाहेर आल्यावर दोघं जिन्यात उभे राहून बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

मौन आहे, पण लिहायला तोंड लागत नाही.

काल संध्याकाळी वाईट झालं. ह्यांच्या कंपनीच्या देखरेखीतली एक लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून घसरली. आत एक शाळामास्तरीण होती, एकटीच. कमरेचं हाड मोडलं, पाठीलाही लागलंय. पान्हा स्वतः खाली खड्ड्यात उतरला आणि तिला धरून बाहेर काढलं. त्या गडबडीत त्याचा फोन खाली पडला आणि लिफ्टखाली चिरडला. माणूस वाचलं, फोनचं काय एवढं.

हे आज दुपारीच घरी आले. कधी येत नाहीत. मी ताट वाढलं, खुणेनं जेवा म्हटलं, तर मान हलवली आणि फोन घेऊन गॅलरीत जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. बराच वेळ बसले. आत आल्यावर म्हणाले, "ऑफिसात कळवत होतो." मग शर्टाच्या टोकानं फोनची काच पुसली, पुन्हा पुसली, आणि न जेवताच निघून गेले.

बोलता आलं असतं तर दोन घास खायला लावले असते. नवस आपला आणि उपाशी ते.

शनिवार, ७ ऑक्टोबर

झाडलोटीला मन नव्हतं, पण नेम तो नेम. फोनही झाडला. आठवडाभराची फुलं साठली होती.

त्या मास्तरणीच्या नावाने एक माळ जास्त ओढली. मधेच मोजणी चुकली, पुन्हा पहिल्या मण्यापासून.

सोमवार, ९ ऑक्टोबर

आज जेवताना अघटित घडलं, आणि ते माझ्या हातून.

मास्तरणीच्या घरच्यांनी कंपनीवर दावा लावलाय. लिफ्टचे ब्रेक झिजलेत हे कंपनीला आधी ठाऊक होतं का, यावर सगळं अडलंय. लेकीनं ह्यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला पत्र आलं असेल ना? फोन, संगणक, कशातलंच काही पुसायचं नाही असं?"

"शुक्रवारी आलं."

मी भांडं घेऊन उभी होते. तोंडून निघून गेलं, "अगंबाई, मी तर शनिवारी झाडला की फोन!"

लेकीचा घास हातातच राहिला. "आई, काय पुसलंस?"

"नेहमीचंच. फुलं, सुप्रभात."

"अजून काही?"

"नाही गं."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नक्की का? बोटाला काय कळतं? एक धरायला जावं आणि दुसरं जावं."

मी काय सांगणार? चष्म्याची काडी मोडल्यापासून मला बारीक धड दिसत नाही. म्हटलं, "गेलंही असेल."

लेक उठून हात धुऊन आली. म्हणाली, "यापुढे त्या फोनला हात लावू नकोस. आणि बाबा, मला यातलं एक अक्षर सांगू नका."

हे मात्र त्यानंतर पोटभर जेवले. आठवड्यात पहिल्यांदा मागून घेतलं. मी मेलीनं घोळ घातला, पण माझ्यावर आवाज चढवला नाही. असा नवरा मिळायला पुण्य लागतं.

बुधवार, ११ ऑक्टोबर

कशातच लक्ष नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं.

फोन तपासायचं काम दोन्ही बाजूंच्या वकिलांनी मिळून एका प्रयोगशाळेला दिलंय, आणि ती नेमकी लेकीची. गावात असं काम करणारे आहेतच किती! लेक त्याच दिवशी तिच्या मोठ्या बाईंकडे गेली आणि म्हणाली, या कंपनीत माझे वडील आहेत. बाईंनी तिला दुसऱ्या टेबलावर बसवलं. त्या खोलीचं दार आता तिच्या कार्डानं उघडत नाही.

हे भडकले. "घरात डॉक्टर आणि आम्ही रांगेत! नुसतं विचारायचं होतं, काय बघतात, किती बघतात. त्यात काय चोरी आहे?"

लेक म्हणाली, "चोरी नाही बाबा. पण मग माझ्या शब्दाला किंमत काय राहणार?"

"बापापेक्षा बाई मोठी झाली तुझी."

"बाई नाही. काम."

"सहा महिने झाले नाहीत अन् काम शिकवतेय मला. माझे केस काय लिफ्टच्या ग्रीसनं पांढरे झालेत?"

एरवी यावर दोघंही हसली असती. आज कोणी हसलं नाही. एकमेकांशी बोलायचं असलं की आता माझ्याकडे बघून बोलतात. मी काय टेलिफोनची तार आहे?

रविवार, १५ ऑक्टोबर

गुरुवारी प्रयोगशाळेचा माणूस येऊन फोन घेऊन गेला. चंदेरी पिशवीत घातला, वर चिकटपट्टी, तिच्यावर ह्यांची सही आणि त्याची सही. जणू अस्थी.

आज पान्हा आला. दाढी वाढलेली. त्याला कामावरून बसवलंय. कंपनी म्हणते, ब्रेक झिजल्याचं या मिस्त्र्यानं कधी कळवलंच नाही, चूक त्याची. तो बसला नाही, दारातच उभा राहून म्हणाला, "साहेब, मी लिहिलं होतं ना तुम्हाला? पंधरा दिवस आधी. लिफ्ट बंद ठेवा म्हणून. माझा फोन तर गेला, पण तुमच्यात असेल ना?"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "फोनमध्ये नाही रे. हिनं साफसफाई केली."

"वहिनींनी?"

असं बघितलं माझ्याकडे! रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "चुकून गेलं असेल रे भाऊ. मला कळलंच नाही."

"असू दे वहिनी. तुम्ही काय मुद्दाम केलंत?" म्हणाला, आणि जाता जाता आमच्या दाराच्या कडीचा हलणारा स्क्रू खिशातल्या किल्लीनं पिळून बसवून गेला. हातची सवय.

मी ह्यांना विचारलं, "त्यानं लिहिलं होतं हे तुम्हाला तर आठवत असेल ना? तुम्हीच सांगा तुमच्या साहेबांना."

"आठवतं म्हणून चालत नाही कोर्टात, कागद लागतो. तू यात पडू नकोस."

खरं आहे. मी पडले तेवढं पुरे. माझ्या एका बोटानं एका घरची चूल विझली. माळ हातात घेतली की तोच चेहरा येतो.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

प्रयोगशाळेत जाऊन आले. फोनची झाडलोट करणारी बाई कोण म्हणून मलाच बोलावलं होतं. निघताना ह्यांनी पढवलं, "विचारलं तर सांग, दर शनिवारी सगळं पुसते. सगळं. उगाच फाटे फोडू नकोस."

मला वाटलं होतं अंधारी खोली असेल, यंत्रं घरघरत असतील. तर तसं काही नाही. पांढरं टेबल, त्यावर रबराची काळी चटई, वायरी कपड्यांसारख्या घड्या घालून ठेवलेल्या. देवघरापेक्षा स्वच्छ. माझ्यासमोर त्यांनी एक पिशवी उघडली (आमची नव्हे, दुसऱ्या कोणाची), तर आधी फोटो, मग कात्री, मग परत फोटो, मग वेळ लिहिली, दोघांच्या सह्या. मी म्हटलं, "एवढं सोवळं?" मोठ्या बाई हसल्या. "सोवळंच म्हणा काकू. मूळ वस्तूला धक्का लावायचा नाही. नक्कल काढायची, आणि दोन्हीचा ठसा जुळतो का ते बघायचं. एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी ठसा वेगळा येतो."

आमच्या आजोबांच्या घरी पोथी उतरवून घेत तेव्हा अस्संच. एक काना चुकला तर पान फाडत. हे काम वाईट नाही, असं तिथे पहिल्यांदा वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही शनिवारी नेमकं काय काय पुसता?"

'सगळं' म्हणायचं होतं. पण सवयीनं सरळ निघालं, "फुलं, उगवता सूर्य, नाचणारी बाळं. लिहिलेलं पुसत नाही हो मी, अक्षराला हात लावत नाही." आणि मग आठवून घाईनं म्हटलं, "म्हणजे चुकून लागला असेल. सगळंच पुसते मी. बोटाला काय कळतं!"

बाईंनी सगळं तसंच्या तसं लिहून घेतलं. आधीचंही, नंतरचंही. मी विचारलं, "मग, माझ्याच हातून गेलं ना ते?" तर म्हणाल्या, "मी मत देत नाही काकू. जे आहे ते लिहिते. अहवाल दोन्ही वकिलांना जाईल."

काचेपलीकडे लेक बसलेली दिसली. समोर पडदा, कानाला यंत्र, पाठ ताठ. तिला माहीत होतं मी आलेय. तिनं मान वर केली नाही. मीही हाक मारली नाही. पायातल्या चपलांचा आवाज होऊ नये म्हणून जपून चालले.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय सांगितलंस?"

"दोन्ही सांगितलं."

"दोन्ही म्हणजे?"

मी सांगितलं. ते डोकं धरून बसले. "हात दाखवून अवलक्षण! तुला एक गोष्ट धड सांगता येत नाही."

ते रागावले ते बरोबरच. पण रागावले का घाबरले, मला कळेना.

सोमवार, २३ ऑक्टोबर

माझ्या चष्म्याला आज नवी काडी आली. मी न सांगता हे बसवून घेऊन आले. वर म्हणाले, "किती दिवस दोरा बांधून चालवणार?" मी चार महिने म्हणत होते.

मग जवळ बसून म्हणाले, उद्या कंपनीचे वकील एक कागद घेऊन येतील. प्रतिज्ञापत्र. त्यात एवढंच आहे की ते संदेश तू चुकून पुसलेस. तुला काही होणार नाही. घरची बाई, साफसफाईची सवय, कोणीही समजून घेईल. प्रकरण मिटेल. उलट लेकीवरचंही सावट जाईल.

मी म्हटलं, "आणि पान्हा?"

"त्याचं कंपनी बघेल."

"काय बघेल?"

"बघेल गं. दुसरीकडे लागेल. हातात कला आहे त्याच्या."

म्हटलं, "उद्या मंगळवार आहे."

"मग काय झालं? सहीला तोंड लागत नाही."

झाली तर चूक माझीच आहे, मग सही करायला काय जातंय? केलेलं कबूल करावं, देवालाही तेच आवडतं. असं मनाला शंभरदा सांगते आहे. तरी जीव घाबराघुबरा होतो. लेकीला विचारावं म्हटलं तर तिनंच तोंडाला कुलूप लावलेलं. मघाशी तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिच्या कपड्यांना इस्त्री करून परत आले.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

दिवस मावळला. दिवा लावला. आता बोलायला मोकळी आहे, पण घरात बोलायला कोणी नाही. हे गॅलरीत आहेत. जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

तीनच्या सुमाराला वकील आले. तरुण, घाईत. त्यांच्याबरोबर शिक्का मारणारे नोटरी, वयस्कर, खोकणारे, बगलेत पत्र्याची पेटी. हे अर्धी रजा टाकून थांबलेले. मी पाणी ठेवलं आणि बसले. वकिलांनी कागद पुढे केला आणि पेन उघडून वर ठेवलं.

नव्या काडीनं चष्मा छान बसतो. मी सावकाश वाचलं. माझं नाव, माझं वय, मी गृहिणी. मग लिहिलेलं, की दिनांक ३ ऑक्टोबर रोजी दुपारी मी माझ्या पतीच्या फोनची नेहमीप्रमाणे साफसफाई करत असताना माझ्याकडून अमुक संवाद अनवधानाने पुसला गेला.

मला वाटलं टंकणाऱ्याची चूक. मी सात तारखेला झाडला होता, शनिवारी. तीन कुठली? बोलता येईना म्हणून मी बोटानं तारखेवर टकटक केलं आणि मान हलवली.

वकील म्हणाले, "तारीख बरोबर आहे. अहवालात आहे तीच घातलीय. तीन तारखेला दुपारी फोन उघडून तो एकच संवाद पुसलाय. बाकी कशाला हात नाही."

आता कसं समजवावं? चुकीच्या तारखेवर सही करायची म्हणजे खोटं. मी उठले, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि ह्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. तीनच्या चौकटीवर बोट ठेवलं. वरच्या 'मंगळवार'वर बोट नेलं. मग सातवर ठेवलं, शनिवार. आणि ह्यांच्याकडे बघितलं, की सांगा वकिलांना, दुरुस्त करून घ्या.

मी खरंच तेवढ्यासाठीच बघितलं होतं.

ह्यांचा चेहरा मी लग्न झाल्यापासून बघते आहे. असा कधी बघितला नव्हता. रंग उतरत गेला, खालून वर. मग माझं बोट माझ्याच नजरेला दिसलं, तीन तारखेवर परत कधी गेलं होतं कोण जाणे. आणि मला ती दुपार आठवली. न जेवलेलं ताट. गॅलरीतली पाठ.

मी बोट उचललं नाही. उचलायचं सुचलंच नाही.

नोटरी खोकून म्हणाले, "बाई, वाचलंत ना? समजलं? हे खरं आहे असं तोंडानं सांगा, म्हणजे मी शिक्का मारतो. तोंडानं सांगितल्याशिवाय माझा शिक्का बाहेर निघत नाही."

माझं बोट तीनवरच.

"ह्या बोलत का नाहीत? दमदाटी तर नाही ना केली कोणी?"

वकील म्हणाले, "अहो, सांगा ना त्यांना. उद्या कोर्टात लावायचंय."

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे खाली मान घालून म्हणाले, "आज मंगळवार आहे."

"मग?"

"मंगळवारी ती बोलत नाही. नवस आहे. लेकीला नोकरी लागली तेव्हापासून." जरा थांबले. मला वाटलं इथेच थांबतील. थांबले असते तर चाललं असतं. "मंगळवारी ती फोनलाही हात लावत नाही."

नोटरींनी मान पुढे काढून माझ्या बोटाखालची चौकट बघितली. वरचा वार बघितला. मग पत्र्याच्या पेटीचं झाकण लावलं, खटकन. "चहा नको," म्हणाले. चहा कोणी विचारलाच नव्हता.

वकिलांनी कागद ओढून घेतला. दारात ह्यांना म्हणाले, "हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

काय सांगणार होते? माझ्या गप्प बसण्याची ह्यांना इतकी सवय झालेली की ते हिशेबात धरायचंच राहून गेलं.

बुधवार, २५ ऑक्टोबर

सकाळी लेक गेल्यावर हे स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. मी भांडी घासत होते. नळ बंद केला नाही, पाणी वाया जात होतं तरी.

सगळं सांगितलं. पान्ह्यानं लिहिलं होतं, ब्रेक झिजलेत, लिफ्ट बंद ठेवा. ह्यांनी मालकांना विचारलं. मालक म्हणाले, महिना संपू दे, मग बघू. ह्यांनी पान्ह्याला उलट लिहिलं, 'चालू ठेव, मी बघतो.' ते शेवटचे दोन शब्द ह्यांचे होते. मालकांचा हुकूम तोंडी, ह्यांचे शब्द लेखी.

"मी बघतो म्हणालो आणि बघितलं नाही," म्हणाले. "मग ती पडली. मला वाटलं नोकरी गेली, लेकीचीही जाईल. आणि नंतर तू म्हणालीस, मी शनिवारी झाडला. तेव्हा वाटलं देवानंच वाट दाखवली."

"देवाला मधे आणू नका," मी म्हटलं.

मग ह्यांनी विचारलं, "काल तुला बोलता आलं असतं, तर काय बोलली असतीस?"

या प्रश्नावर मी कालपासून जळते आहे. देवापुढे बसून जे सांगते तेच ह्यांना सांगितलं.

"तुमचा चेहरा बघितल्यावर? 'हो' म्हटलं असतं बहुतेक. सही केली असती."

ह्यांनी नळ बंद केला.

म्हणजे खरेपणा माझा नव्हताच. तो त्या वाराचा होता. बुधवार असता तर पान्हा कायमचा बुडाला असता आणि मी माळ ओढत बसले असते. हे लिहून ठेवते, कारण उद्या कोणी मला चांगली म्हटलं तर मला ते खरं वाटायला लागेल.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

हे आज प्रयोगशाळेत जाणार, आणि तिथून मास्तरणीच्या वकिलांकडे. जबानी द्यायला. आधी पान्ह्याच्या घरी जाऊन आले, पहाटेच. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. शर्टाला मात्र ग्रीसचा डाग घेऊन आले, खांद्यावर, पाठीमागून. हात ठेवला का ढकललं, मी विचारलं नाही.

लेक निघायच्या तयारीत होती. हे तिच्यासमोर उभे राहिले, कितीतरी दिवसांनी थेट तिच्याशी बोलले. "अगं, मी आज..."

तिनं हात वर केला. "मला नका सांगू बाबा. तिथे सांगा." डोळे भरले होते तिचे. म्हणजे कळलंय तिला, न सांगता. तिला कायम करतील का नाही, काय ठाऊक. ह्यांची नोकरी तर गेल्यात जमा आहे. घर कसं चालेल ते पुढच्या पानांवर बघू, मागच्या पानांवर नको.

"एकाच ठिकाणी जायचंय," हे म्हणाले. "बरोबर निघू?"

"बरोबर नको. मला तुमच्याबरोबर बघितलं तर उद्या कोणीतरी म्हणेल, लेकीनं पढवलं."

"बरं. तू पुढे हो."

चपला घालता घालता ती वाकली आणि ह्यांच्या पायाला हात लावून झटकन निघून गेली. मी गॅलरीत आले. ती कोपऱ्यापर्यंत गेली, मागे वळली नाही. हे खाली फाटकापाशी थांबले होते, हातात डबा, शाळेत पहिल्या दिवशी सोडलेल्या पोरासारखे. ती वळून दिसेनाशी झाली, मग हे निघाले.

आत येऊन देवापुढे बसले. काय मागावं सुचेना. समईत तेल घालायला घेतलं, जास्तच पडलं. एरवी पळीनं परत काढलं असतं.

राहू दिलं.